कॅमशाफ्ट पूजेला बसतो

आमच्या गल्लीत मी सोडून सगळ्यांना लोखंड कळतं. दुसऱ्या गावांत शेजारी गाडीबद्दल सल्ला देतात तो ऐकीव असतो. आमच्या बेळगावात शेजारी आधी खिशातून मायक्रोमीटर काढतो, केसाची जाडी मोजून दाखवतो आणि मग बोलतो. डावीकडचे गोपाळराव फौंड्रीत तीस वर्षं ओतकाम करत होते. उजवीकडच्या मालुबाईंच्या परसात लेथ मशीन आहे. माझे सासरे भरमाआप्पा मच्छे गावातल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं ग्राइंडिंग करून रिटायर झाले. म्हणजे काहीतरी घासत होते. काय घासत होते हे लग्नाला सोळा वर्षं होऊनही मी कधी विचारलं नव्हतं. मी उचगावच्या शेतकऱ्याचा मुलगा आणि कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. माझ्या हाती पेन शोभतं. पाना दिला की लोक दोन पावलं मागं सरकतात.

तरीही या गल्लीत आपल्या गाडीत परफॉर्मन्स कॅमशाफ्ट बसवणारा पहिला माणूस मीच. हे मी अभिमानानं सांगतो, आणि पुढचं सगळं सांगून झाल्यावरही हा अभिमान कमी करायचा माझा विचार नाही.

या सगळ्याला कारण कणकुंबीचा चढ. दरवर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सासरच्या मंडळींना घेऊन कणकुंबीला माउलीची ओटी भरायला जातो. माझी गाडी वीस वर्षांची, छोटी, पांढरी आणि स्वभावानं गरीब. गेल्या वर्षी तीत मी, बायको पूर्णिमा, मुलगी ऋतिका, सासू-सासरे आणि नारळांची पाटी एवढा ऐवज होता. मी नेहमीप्रमाणे तिसऱ्या गिअरमध्ये, पेट्रोल वाचवत, शिस्तीत चाललो होतो. अन् कणकुंबीच्या अलीकडच्या त्या लांबलचक वळणावर गाडीनं दोन आचके दिले आणि प्राण सोडला. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच.

मागून माझे साडू आले. मारुतीराव, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. त्यांची गाडी एवढी उंच की आत बसायला पायरी लागते. त्यांनी काच खाली केली, दार उघडलं आणि एकेकाला आत घेतलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना तर जवळजवळ उचलूनच ठेवलं. शेवटी मी पाटीला हात घातला, तर म्हणाले, "नारळ ऱ्हाऊ द्या तुमच्याच गाडीत, नागेंद्रराव. त्येंला कुठं घाई हाय?"

सगळे हसले. फक्त भरमाआप्पा हसले नाहीत. ते रस्त्याच्या कडेला उभे राहून माझ्या गाडीच्या बॉनेटकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि साडूंच्या गाडीत चढले. मी रिकामी गाडी घेऊन, नारळांना सोबत करत, अर्ध्या तासानं देवळात पोचलो.

एवढ्यावर मी विसरलोही असतो. पण यंदा गणपतीत सगळे जमले असताना सासूबाईंनी, म्हणजे अंबुबाईंनी, मारुतीरावांच्या देखत जाहीर केलं, "औंदा म्या धाकट्या पावन्यांच्याच गाडीतनं जाणार. न्हाय चढली तर चालत जाईन, पर दुसऱ्याच्या गाडीत पाय ठेवणार न्हाय."

धाकटा पावना म्हणजे धाकटा जावई, अर्थात मी. आता या माउलीला घरातल्या चार पायऱ्या चढताना दोन वेळा थांबावं लागतं. म्हणजे माझी गाडी चढली नाही तर माझ्या अब्रूचं ओझं त्यांच्या गुडघ्यांवर येणार होतं. मला त्या दिवसापासून झोप लागेना.

तेव्हा मोबाइलवर मला परफॉर्मन्स कॅमशाफ्ट भेटला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या डोक्यात आडवा बसवलेला हातभर लांबीचा दांडा. त्याच्यावर अंड्याच्या आकाराचे फुगवटे असतात. दांडा फिरला की फुगवटे व्हॉल्व्ह दाबतात, व्हॉल्व्ह उघडतात-मिटतात आणि इंजिन श्वास घेतं. परफॉर्मन्स कॅमशाफ्टचे फुगवटे जास्त गलेलठ्ठ, त्यामुळे श्वास मोठा आणि ताकद मोठी. व्हिडिओतला माणूस हे सांगताना इतका घामाघूम झाला होता की मला त्याचं पटलंच. किंमत अठरा हजार. पूर्णिमाला मी आठ सांगितली.

ती म्हणाली, "एकदा आप्पांना इचारा की."

मी म्हणालो, "हे नव्या जमान्यातलं हाय. आप्पांना काय कळणार त्यातलं?"

पार्सल आलं तेव्हा गल्लीत सत्यनारायण असल्यासारखी माणसं जमली. गोपाळरावांनी चहाची बशी बाजूला ठेवून मायक्रोमीटर लावला आणि म्हणाले, "माप बरोबर हाय. पर ह्येला स्प्रिंगा कडक लागणार." मालुबाई लेथवाल्या असल्यामुळे दांड्याचं टोक बघून म्हणाल्या, "चांगला तासलाय हं." भरमाआप्पाही आले होते. त्यांनी दांडा हातात घेतला, एका फुगवट्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "पावनं, जुन्याला काय झालंय?"

मी तोऱ्यात होतो. म्हणालो, "आप्पा, जुना म्हंजे भंगार. कुठल्यातरी शेडमधे कुणीतरी घासून टाकलेला आसंल. आता तसलं कोण वापरत न्हाय."

आप्पांनी दांडा अलगद माझ्या हातात परत दिला, चहा न घेता चपला घातल्या आणि गेले. वय झालं की माणसं अशीच अर्ध्यातून उठतात, असं मी गोपाळरावांना समजावून सांगितलं.

उद्यमबागेजवळ शामू मिस्त्रीचं गॅरेज आहे. मी गाडी त्याच्याकडे दिली ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. मला चार दिवस सलग सुट्टी होती, एवढाच हिशोब मी केला होता. शामूनं इंजिनाचं डोकं उघडलं, जुना दांडा काढून भंगाराच्या ढिगावर टाकला आणि मग एकेक बातमी द्यायला लागला. कडक स्प्रिंगा पाहिजेत. उघडलंच आहे तर व्हॉल्व्हचे सील बदलावेत. सील बदलले तर पट्टा कशाला जुना ठेवायचा? पट्टा नवा घातल्यावर पाण्याच्या पंपाला वाईट वाटेल. पूर्णिमाला सांगितलेल्या आठ हजारांचं सोळा झालं, म्हणजे खऱ्या आकड्यात अठराचं चौतीस.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच गॅरेजात हजर झालो आणि दारातच थांबलो. आमच्याकडे खंडेनवमीला सगळ्या कारखान्यांत यंत्रं बंद करून पूजा करतात. शामूच्या आईनं, नागुबाईंनी, पाटावर पाने, हातोडे, जॅक, ग्रीसची बंदूक असं सगळं मांडलं होतं. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या माळेत, हळदीकुंकवाचे पट्टे ओढलेला, माझा अठरा हजारांचा कॅमशाफ्ट विराजमान झाला होता.

मी म्हणालो, "शामू, हा आज बसवायचा हाय."

शामूनं कानाला हात लावला. "सायेब, पूजंला बसलेलं लोखंड उठवायचं नसतंय. उद्या दसरा झाला की बघू."

"अहो, पण हा काय हत्यार न्हाय. हा माझा पार्ट हाय!"

नागुबाई म्हणाल्या, "बाबा, सगळ्यात चकचकीत त्योच दिसला म्हणून मधी ठेवला. आता देव झालाय त्यो. नमस्कार कर."

केला. काय करतो? स्वतः पैसे देऊन आणलेल्या वस्तूपुढे मी नारळ फोडला, आणि त्यातलं थोडं पाणी फुगवट्यांवरही गेलं. माझ्या गाडीपुढे कोहळा फोडून झाला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली, पण गाडी पुढे सरकणार कशी? तिचं डोकंच उघडं होतं. तेवढ्यात भरमाआप्पा आले. पूजेला ते सगळ्या ओळखीच्या गॅरेजांत जातात. ते पाटासमोर हात जोडून पाच मिनिटं उभे राहिले, नजर त्या दांड्यावर. मला वाटलं, किंमत कळली असावी. जाताना त्यांच्या हातातली कापडी पिशवी खाली ओढल्यासारखी लोंबत होती. चिरमुऱ्यांचा प्रसाद एवढा जड कसा, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण मी स्वतःच्याच दुःखात होतो.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर, हळदीकुंकू रॉकेलनं धुऊन, कॅमशाफ्ट अखेर बसला. मी गाडी गल्लीत आणली आणि उभी केली, तर ती उभी राहीना. म्हणजे जागेवरच थडथडायला लागली. धड्‌, धड्‌, धडाड्‌, मग मिनिटभर विचार, पुन्हा धड्‌. मालुबाईंच्या फळीवरून दोन पातेली खाली आली. गोपाळराव बनियनवर बाहेर येऊन विचारू लागले की बोअर मारायची गाडी कुणाकडे आलीये. ऋतिका म्हणाली, "पप्पा, आपली गाडी थंडीनं कुडकुडतीये काय?" मी तिला सांगितलं की ताकद आतून बाहेर यायला बघते तेव्हा असाच आवाज होतो. असं व्हिडिओत सांगितलं होतं.

त्यात धुराच्या तपासणीची चिठ्ठी संपली होती. तपासणीवाल्यानं धुराच्या नळीत यंत्राची दांडी घातली, आकडा बघितला, दांडी बाहेर काढून फडक्यानं पुसली, पुन्हा घातली आणि मला कानडीत विचारलं, "सर, इदु कारा, ट्रॅक्टरा?" म्हणजे ही कार आहे की ट्रॅक्टर. आता इथं गप्प बसायचं होतं. पण अभिमान आडवा आला. मी म्हणालो, "परफॉर्मन्स कॅमशाफ्ट!" त्यानं हसतमुखानं सांगितलं, इंजिनात बदल केला असेल तर आधी परिवहन ऑफिसची परवानगी आणा.

तिथल्या खिडकीत भैरवी नावाची एक हुशार मुलगी बसते. तिनं मला लगेच ओळखलं. अर्ज उलटसुलट बघून म्हणाली, "सर, ह्यात रंग बदलायचा रकाना हाय, पूर्ण इंजिन बदलायचा हाय. कॅमशाफ्टचा न्हाय."

"मग शेवटी रिकाम्या जागेत लिहितो की."

"रकाना नसेल तर अर्ज घेता येत न्हाय, सर. माझ्या टीसीच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं. तीनदा."

मला राग यायला हवा होता, पण शिकवलेलं वाया गेलं नाही याचं समाधानच वाटलं. मी अर्ज घडी करून खिशात घातला.

निपाणीहून मारुतीरावांचे फोन सुरू झाले. "कॅमशाफ्ट बसिवलासा म्हणं? पर काय काळजी करू नगा, म्या त्या वळणावर थांबतोच." हे तर फारच झोंबलं. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, खरोखरच सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी होती, म्हणून अधिकच झोंबलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी भरमाआप्पा सकाळी दारात उभे. हातात तीच कापडी पिशवी. म्हणाले, "पावनं, मला एकदा त्या चढावर न्या. दोघंच जाऊ."

आम्ही दोघंच गेलो. जांबोटी मागं पडली, झाडी दाट झाली. आप्पा काच खाली करून, डोळे मिटून, कान इंजिनाकडे लावून बसले होते. ते वळण आलं. धड्‌, धडाड्‌, आणि गाडी बरोबर गेल्या वर्षीच्याच जागी बंद पडली. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. चौतीस हजार गेले, सोबत पूजेचा नारळही गेला.

आप्पा म्हणाले, "वाईट न्हाय ह्यो दांडा. लई चांगला घासलाय. पर ह्यो पळायला केलाय, पावनं. सपाट रस्त्याला भन्नाट पळंल. चढाला ह्येचा उपेग न्हाय. मोठा मोठा श्वास घ्यायची सवय हाय त्येला, आन हळू चालताना त्योच श्वास अडकतोय."

"मग पूजेत बघितलात तेव्हाच का न्हाय सांगितलं?"

आप्पा पायाजवळ वाकले. पिशवीतून त्यांनी तेल लावलेल्या फडक्यात गुंडाळलेला एक दांडा काढला. माझ्या गाडीचा जुना कॅमशाफ्ट. शामूच्या ढिगावरून उचलून नेलेला. त्यांनी त्याचं टोक उजेडात धरलं. तिथं, नीट बघितल्याशिवाय दिसणार नाही असं, ठोकून उमटवलेलं बारीकसं अक्षर होतं. भ.

"तुमची खूण, आप्पा?"

"मालक नगं म्हणायचा. तरीबी ठोकायचो म्या. चौतीस वर्षं हेच केलं. किती झालं आसतील, लाख, सव्वा लाख. गाड्यांत बसून कुठं कुठं गेलं, एकाचाबी पत्ता न्हाय." त्यांनी फुगवट्यावरून अंगठा फिरवला. "ह्यो गावला. तुमच्या गाडीत हुता. इतकी वर्षं आमच्या पूर्णीला ह्योच फिरवतोय बघा."

कुठल्यातरी शेडमधे कुणीतरी घासून टाकलेला. हे मी त्यांच्या तोंडावर, सगळ्या गल्लीसमोर म्हणालो होतो. मला इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. मी दोन्ही हात जोडले. त्यांनी ते धरून खाली केले आणि म्हणाले, "आसूंदे. तुमाला ठावं नव्हतं."

थोड्या वेळानं मी विचारलं, "पण आप्पा, तुमचा दांडा एवढा चांगला, तर गेल्या वर्षी गाडी चढली का न्हाय?"

आप्पा अवघडले. इकडंतिकडं बघितलं. झाडीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मग अगदी हळू म्हणाले, "तुमी तिसऱ्यात हुतासा."

"काय?"

"दुसरा टाकायला पायजे हुता. चढ सुरू व्हायच्या आदीच. सगळी लोखंडच बघत बसली. चालवणाऱ्याकडं कुणी बघितलंच न्हाय."

"आणि तुम्ही मागच्याच सीटवर होता! सांगायचं न्हाय?"

"जावयाला?" आप्पांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "सगळ्यांसमोर? थोरलं पावनं बघायलेत, पोरगी बघायलीया. जावयाला चारचौघांत चूक सांगायची रीत हाय व्हय आपल्यात?"

म्हणजे माझा मान राखण्यासाठी हा माणूस वर्षभर गप्प बसला होता, आणि तो मान मला चौतीस हजारांना पडला होता. वर शामूनं जुना दांडा परत बसवायची मजुरी पहिल्याएवढीच लावली. पण घरी येऊन मी पूर्णिमाला खरे आकडे सांगितले. तिनं ते बोटांवर मोजून घेतले. मी विचारलं, "आप्पा कॅमशाफ्ट घासायचे हे मला कधी सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की," ती म्हणाली. "दोनदा. तुमी मोबाइल बघत होतासा."

दिवाळीनंतरचा रविवार उजाडला. गाडी आता पुन्हा मांजरीसारखी गुरगुरत होती, धुराची चिठ्ठीही एका झटक्यात मिळाली होती. मी पुढचं दार उघडून धरलं. "आप्पा, आज तुमी म्होरं बसायचं. आन गिअर तुमी सांगायचा."

आप्पा दचकले. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. पूर्णिमा खिडकीतून बाहेर बघू लागली, पण तिचे डोळे मला आरशात दिसत होते.

कणकुंबीच्या अलीकडचा चढ आला. आप्पांनी घसा खाकरला. एवढ्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं, म्हणाले, "दुसरा." मी दुसरा टाकला. गाडीनं खालून एक हुंकार दिला आणि पाच माणसं आणि नारळांची पाटी घेऊन चढायला लागली. आप्पांचा तळवा समोरच्या फळीवर सपाट टेकलेला होता. वळणावर मारुतीरावांची उंच गाडी कडेला उभी होती, मागचं दार आधीच उघडं, आणि ते स्वतः पायरी पुसत होते. मी थांबलो नाही. नुसता हॉर्न वाजवला.

"आरं, चढली की वो!" मारुतीराव फडकं हातात घेऊन दोन पावलं आमच्याबरोबर धावले. त्यांच्या तोंडावर खराखुरा आनंद होता. "नागेंद्रराव, कुठल्या कंपनीचा बसिवलासा?"

मी उत्तर द्यायच्या आत मागच्या खिडकीतून सासूबाईंनी अर्धं अंग बाहेर काढलं. चाळीस वर्षांत ज्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, त्या आजही नाव न घेताच, घाटभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "आमच्या ह्येंच्या हातचा हाय त्यो!"

आप्पांनी मान वळवली नाही. फक्त फळीवरचा तळवा त्यांनी एकदा हलकेच थोपटला. चढ संपला, समोर माउलीच्या देवळाकडं जाणारा सपाट रस्ता दिसू लागला. तेव्हा माझ्या सासऱ्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि बायको, पोरगी, नात सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात मला हुकूम सोडला, "पावनं, आता टाका तिसरा!"

मी टाकला.